साहेबांची नगरसेविका

काकूसुद्धा त्यांना साहेबच म्हणायच्या. "साहेब, चहा निवायलाय." "साहेब, दूधवाला आलाय, पातेलं द्या." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, नवऱ्याची चेष्टा करतायत. पण काकूंच्या तोंडावर चेष्टेचा मागमूस नव्हता. लग्न झालं तेव्हा साहेब एका छोट्या नगरपरिषदेत मुख्याधिकारी म्हणून नुकते रुजू झाले होते. शिपाई, कारकून, शेजारीपाजारी, भाजीवाली, सगळेच साहेब म्हणायचे, म्हणून नव्या नवरीनंही तेच उचललं. पुढं बदल्या झाल्या, गावं बदलली, निवृत्ती आली, म्हणणारे एकेक करून गेले. काकू तेवढ्या राहिल्या. मग मी आले.

औरंगाबादजवळ शेंद्र्याच्या एका कारखान्यात मला तपासणी विभागात नोकरी लागली होती आणि गारखेड्यात साहेबांच्या घराची वरची खोली रिकामी होती. मी दारात उभी राहून नाव-गाव सांगितलं आणि खोलीची चौकशी केली. साहेब व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "अर्ज आणलाय?"

"नाही, मी फक्त खोली बघायला..."

"मग करा. कागद आतून घ्या."

मी तिथंच उभ्या उभ्या अर्ज लिहिला. त्यांनी तो वाचला, 'विनंती'ची चुकलेली वेलांटी दुरुस्त केली आणि म्हणाले, "कळवतो." मी समोर उभी, तेही समोर बसलेले. काकू आतून ओरडल्या, "अहो साहेब, पोरगी देवगाव रंगारीहून आलीय, तिला काय पोस्टानं कळवणार का?" मग त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "मंजूर."

जिन्याशेजारी भिंतीवर नियम टाइप करून चिकटवलेले होते. नळाची वेळ, चपलांची जागा, पाहुण्यांचा मुक्काम तीन दिवस. मला गंमत वाटली ती शेवटच्या नियमाची: घरमालकाने पूर्वसूचनेशिवाय भाडेकरूच्या खोलीकडे जाऊ नये. हा नियम त्यांनी स्वतःलाच घातला होता आणि तो ते कसोशीनं पाळायचे. काही सांगायचं असेल तर जिन्याच्या खालच्या पायरीवर उभं राहून हाक मारायचे. एकदा मला ताप आला होता. काकू बाहेर गेलेल्या. साहेब पेज घेऊन आले आणि पायरीखाली उभे राहून म्हणाले, "वर येण्यास आपली हरकत आहे का?" मी तापात काहीतरी पुटपुटले. ते त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून ते पेज हातात धरून तसेच उभे राहिले. काकू परत आल्या तेव्हा पेज गार झाली होती आणि साहेब तिथंच होते.

शहराचं नाव बदलायचं चाललं होतं तेव्हा कुणी संभाजीनगर म्हटलं की ते टोकायचे, "अजून अधिकृत नाही." राजपत्र निघाल्यावर कुणी औरंगाबाद म्हटलं की टोकायला लागले, "आता अधिकृत नाही." दोन्ही बाजूंच्या लोकांशी भांडण झालेला गल्लीतला तो एकटाच माणूस असावा.

माझी आई गुडघा दाखवायला देवगावहून आली. चौथ्या दिवशी सकाळी खालून हाक आली, "आपल्या मातोश्रींची मुदत काल संपली."

आई दचकली. "म्हंजी? काढून द्यायलेत का काय मला?" आणि लुगडी पिशवीत कोंबायला लागली. मला इतका राग आला की मी जिन्यावरून ओरडणारच होते. तेवढ्यात काकू पिठाच्या हातानं बाहेर आल्या. "ताई, पिशवी घ्या आन् खाली चला. आजपासून तुम्ही माझ्या पाहुण्या."

साहेबांनी विचार केला. "मालकाच्या पाहुण्यांना मुदत लागू नाही," ते म्हणाले. "हरकत नाही." आणि आईची पिशवी स्वतः उचलून त्यांनी खाली नेली. पुढचा सगळा आठवडा तेच तिला रोज स्कूटरवर बसवून गुडघ्याच्या व्यायामाला घेऊन जात होते. आई गावी गेल्यावर सगळ्यांना सांगायची, "माणूस वंगाळ नाय, पण डोक्यात काहीतरी हाय."

काय आहे ते काकूंनी एकदा सांगितलं. आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो. साहेब मुख्याधिकारी असलेल्या एका गावात त्यांच्या थोरल्या भावाचं भांड्यांचं दुकान होतं. दुकानाचा ओटा रस्त्यावर आलेला. अतिक्रमणं काढायचा आदेश आला तेव्हा साहेबांनी पहिला हातोडा त्या ओट्यावर घालायला लावला. वहिनी आडव्या आल्या. साहेब म्हणाले, "वहिनी, बाजूला व्हा, लागेल." त्या दिवसापासून भाऊ बोलत नाही. साहेबांच्या लेकीच्या लग्नालासुद्धा आला नाही.

"मी इचारलं, समद्यांच्या मागून पाडता आला नसता का?" काकू म्हणाल्या. "तर म्हणे, मागून पाडला तरी पडणारच होता. मी त्या दिवशी ओळखलं, ह्या माणसापुढं रडून उपयोग नाय."

साहेबांना एकच मुलगी. नवऱ्याच्या नोकरीमुळं अमेरिकेत गेली, तिथं परिचारिका झाली, तिथली नागरिक झाली आणि तिथल्या दक्षिणेकडच्या एका राज्यात, मध्यम आकाराच्या गावात, नगरसेविका म्हणून निवडून आली. काकूंनी गल्लीत पेढे वाटले. साहेब पेढा हातात धरून बसले होते. "आयुष्यभर नगरसेवकांनी माझं डोकं खाल्लं," ते मला म्हणाले, "आता घरातच एक निपजली."

पण दर रविवारी सकाळी, म्हणजे तिच्याकडच्या शनिवारी संध्याकाळी, तिचा व्हिडिओ कॉल यायचा. तो लावायला मला बोलावलं जायचं आणि साहेब इस्त्रीचा शर्ट घालून फोनसमोर बसायचे. तिला ते 'सदस्य महोदया' म्हणायचे. तिच्या सभेत कोणकोणते विषय आले, कोण काय बोललं, सगळं विचारायचे. मी तिला ताई म्हणायचे; ताई हसत हसत सांगायची. तिकडं गटार तुंबल्यावर होणारं भांडण आणि इकडचं भांडण सारखंच असतं, हे कळल्यावर साहेबांना फार समाधान वाटलं होतं.

मग एका रविवारी ताई हसली नाही.

तिच्या गावात कोंबड्या कापण्याचा मोठा कारखाना होता. तिथं दूरदूरच्या देशांतून आलेली माणसं कामाला होती. काहींकडे कागदपत्रं होती, बऱ्याच जणांकडे नव्हती. गावचे पोलीस रस्त्यात गाडी थांबवली की गाडीच्या कागदांबरोबर देशात राहायचे कागद मागायला लागले, तशी ही माणसं घराबाहेर पडेनाशी झाली. एका बाईनं तापानं फणफणलेलं मूल चार दिवस घरात ठेवलं. ताईच्या दवाखान्यात आणलं तेव्हा उशीर झाला होता. ताईनं आणि आणखी काही सदस्यांनी ठराव मांडला की आमच्या गावच्या पोलिसांनी गावचं काम करावं, परदेशी माणसांचे कागद तपासणं हे देशाच्या सरकारचं काम आहे. तिकडं अशा गावांना आसऱ्याची शहरं म्हणतात. राज्य सरकारला ती नको होती. म्हणून राज्यानं कायदाच केला: अशा ठरावाच्या बाजूनं जो स्थानिक सदस्य मत देईल, तो गुन्हेगार. पद जाणार, तुरुंगही होऊ शकतो.

"पण ठराव तर मुळात चुकीचा आहे," साहेब म्हणाले. "बिनकागदाचा माणूस म्हणजे अतिक्रमण. त्या पोराचं वाईट वाटतं. पण अतिक्रमण ते अतिक्रमण."

"बाबा, ठरावावर तुमचं काय म्हणणं असणार ते मला माहीत होतं," ताई म्हणाली. "मी मतदानाचं विचारतेय. देऊ का नको?"

साहेब म्हणाले, "कायदा पाठव. वाचून सांगतो."

तिनं पाठवला. मी झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणला. साहेब इंग्रजी शब्दकोश घेऊन व्हरांड्यात बसले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही ताट तसंच परत गेलं. काकू मला म्हणाल्या, "काय वाचायलेत काय की. तोंडावर रंग नाय."

तिसऱ्या दिवशी मी कामावरून येऊन कपडे वाळत घालत होते. दार वाजलं. उघडलं तर साहेब. जिना चढून, अनवाणी, हाक न मारता. मी इतकी चमकले की ओला कपडा हातातून खाली पडला. त्यांना आपण नियम मोडल्याचं ध्यानातही नव्हतं. हातातले कागद त्यांनी पुढं केले.

"हे तुम्ही वाचा. माझ्या वाचण्यात चूक होत असेल."

मी वाचलं. मला जमेल तसं मराठीत सांगितलं.

"म्हणजे ठराव रद्द होणार असं नाही?"

"ते पण आहे. पण मत देणाऱ्यालाही शिक्षा आहे."

"ठराव अमलात आणणाऱ्याला?"

"नाही साहेब. मत देणाऱ्याला. सभेत हात वर करणाऱ्याला."

ते माझ्या खुर्चीवर बसले. माणसाला आपल्याच घरात कुणी ढकलून द्यावं, तसा चेहरा झाला होता.

"एका नगरसेवकानं माझ्या टेबलावर मेलेलं कुत्रं आणून टाकलं होतं," ते म्हणाले. "उचललं जात नाही म्हणून. एकानं माईक फेकून मारला. कसले कसले ठराव करायचे! मी विरोधात टिपणी लिहायचो. कलेक्टर ठराव तहकूब करायचे, सरकार रद्द करायचं. किती ठराव मी असे मारले असतील! पण हात वर झाले की मी मोजायचो. ज्याचं तोंड बघवत नाही त्याचाही हात मोजायचो. ठराव चुकीचा असेल तर ठरावाला मारा ना. हाताला का मारता?"

मला त्यांच्या बोलण्यापेक्षा त्यांच्या आवाजाचा धक्का बसला होता. ह्या माणसाचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नव्हता.

"असा कायदा करता येतो?" त्यांनी मला विचारलं. एखादं लहान मूल विचारतं तसं.

रविवारी कॉल लागला तेव्हा पडद्यावर ताईबरोबर जावईही बसले होते. काकू आधीच पदर डोळ्याला लावून होत्या. जावई म्हणाले, "बाबा, तुम्हीच समजवा. ती फक्त तुमचं ऐकेल. कायदा आहे म्हटल्यावर विषयच संपला ना?"

"व्हय बाई," काकू म्हणाल्या, "कशाला पायजे ते? सोड ते मेंबरपण. इकडं ये."

मला खात्री होती साहेब काय म्हणणार. सख्ख्या भावाचा ओटा पाडणारा माणूस. ते शर्टाची बाही सरळ करत होते.

"ठरावावर तुझं मत काय?" त्यांनी विचारलं.

"बाजूनं आहे, बाबा."

"मी तिथं असतो तर विरोधात दिलं असतं."

"माहितीय."

"तुझं बाजूनं आहे तर बाजूनं दे."

जावई काहीतरी बोलायला गेले. साहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. "आणि दिल्यावर पळू नको. शिक्षा सांगितली तर घे. कायदा चुकीचा असला तरी जोवर आहे तोवर आहे. दोन्ही कर. मत दे आणि शिक्षा घे."

काकू उठून आत गेल्या. पडद्यावर जावयांचं तोंड उघडंच राहिलं होतं. एकुलत्या एका लेकीला बाप जेलमध्ये जायला सांगत होता, तेही उद्या पाणी येणार नाही असं सांगावं तितक्या सहज.

काकूंनी त्या दिवसापासून साहेबांशी बोलणं सोडलं. चहा समोर ठेवायच्या, पण 'साहेब' हा शब्द घरातून नाहीसा झाला.

मतदानाच्या सभेचं थेट चित्रण लोकांना बघता यायचं. आमच्याकडं सकाळचा पहिला चहा व्हायचा होता. साहेब आणि मी माझ्या लॅपटॉपसमोर बसलो. काकू दारात उभ्या होत्या, बसल्या नाहीत. सभेत आधी विषय पुढं ढकलायची सूचना आली, ती पडली. मग मूळ ठराव. ठराव मांडणारे ताई धरून पाच सदस्य होते. अध्यक्षांनी बाजूचे हात वर करायला सांगितले.

एकच हात वर झाला. ताईचा.

बाकीचे चौघं समोरच्या कागदांकडे बघत राहिले. ताईनं एकदा डावीकडं पाहिलं, एकदा उजवीकडं. हात खाली घेतला नाही. ठराव आपटला.

"पडला," काकू पुटपुटल्या. "मग आता काय नाय ना व्हायचं? पडला ना ठराव?"

मी तो कायदा वाचलेला होता. ठराव पास होवो की पडो, मत दिलं की गुन्हा झाला.

दोन आठवड्यांनी ताईला चौकीत बोलावून घेतलं. बोटांचे ठसे घेतले, पासपोर्ट ठेवून घेतला. तिथल्या पद्धतीप्रमाणे तिचा फोटो काढला, तो तिकडच्या बातमीत आला. जावयांनी तो रागानं साहेबांना पाठवला. खाली काही लिहिलं नव्हतं. भिंतीसमोर उभी ताई, समोरून एक, बाजूनं एक. केस विस्कटलेले. बाजूच्या फोटोत ती फार थकलेली दिसत होती.

साहेबांनी फोन माझ्याकडून घेतला. फोटो मोठा करायला ते कधी शिकले नव्हते, पण त्या दिवशी बोटं लावून त्यांनी तो मोठा केला. मग फोन परत दिला आणि बागेत जाऊन उभे राहिले. सुकलेल्या मोगऱ्याला पाणी घालायचं म्हणून नळ सोडला आणि पाणी व्हरांड्यापर्यंत आलं तरी त्यांना कळलं नाही. मीच जाऊन नळ बंद केला.

ताईच्या वकिलानं एक वाट काढली होती. दोन विषय एकामागून एक आले, त्यात तिचा गोंधळ झाला, मतदान पुढं ढकलण्यावर चाललंय असं समजून तिनं हात वर केला, असं तिनं सांगायचं. कोर्ट सोडून देईल. ताई ते म्हणायला तयार नव्हती. हे मला जावयांनी फोनवर सांगितलं, आणि मी साहेबांना.

त्याच संध्याकाळी ते पुन्हा जिना चढून आले. काकू देवळात गेल्या होत्या.

"कॉल लावा," ते म्हणाले. "काकूंना सांगू नका."

तिकडं सकाळ होती. ताई कामावर निघाली होती, गळ्यात दवाखान्याचं ओळखपत्र होतं. साहेबांनी बनियनवर टॉवेल गुंडाळलेला. फोनसमोर ते असे कधी बसले नव्हते.

"बेटा," ते म्हणाले.

हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. ताईनंही बहुतेक फार वर्षांनी ऐकला असावा.

"बेटा, वकील म्हणतो तसं सांग. गोंधळ झाला म्हण. ऐकू आलं नाही म्हण."

"बाबा?"

"खोटं बोल. काय बिघडत नाही. सगळे बोलतात. त्या चौघांनी हातच वर केले नाहीत, त्यांना कोण विचारतंय? तू एकटी कशाला? मी चुकीचं सांगितलं तुला. मी बाप आहे का कोण आहे? असं सांगतं का कुणी लेकीला?"

मला तिथं बसवेना. उठावं तर फोन कोण धरणार? भावाच्या ओट्यावर हातोडा घालणारा हा माणूस हात जोडून बसला होता. हात जोडलेले साहेब मी कुठल्या देवापुढंही पाहिले नव्हते.

ताई डोळे पुसून हसली.

"बाबा, तुमचं हे म्हणणं मी इतिवृत्तात घेत नाही."

"अगं..."

"मला सगळं नीट ऐकू आलं होतं. मी तेच सांगणार. तुम्ही जेवा. आईशी बोला."

कोर्टात तिनं तसंच सांगितलं. मी हात वर केला, समजून केला. नगरसेवकपद गेलं. तुरुंगाची शिक्षा झाली, पण ती कोर्टानं स्थगित ठेवली. पुन्हा काही घडलं तर आत जावं लागेल. काही वर्षं तिला निवडणूक लढवता येणार नाही. वरच्या कोर्टात तिनं दाद मागितली आहे, ते अजून चालू आहे. दवाखान्यातली नोकरी मात्र राहिली. तुरुंग नाही, एवढं कळल्यावर काकू देवापुढं बसून राहिल्या. मग स्वयंपाकघरातून आवाज आला, "साहेब, जेवायला या." साहेब इतक्या घाईनं उठले की चष्मा खाली पडला.

पुढं माझी बदली पुण्याला झाली. सामान टेम्पोत चढवून झालं. काकूंनी कुरडयांचा डबा दिला. साहेब व्हरांड्यात बसले होते. मी नमस्कार करायला वाकले आणि इतके महिने मनात असलेलं विचारून टाकलं.

"साहेब, त्या संध्याकाळी तुम्ही ताईंना खोटं बोल म्हणालात. ते खरंच मनातून होतं?"

"होय."

"आणि त्या बोलल्या असत्या तर?"

त्यांनी बराच विचार केला. साहेब कुठल्याही प्रश्नाला विचार केल्याशिवाय उत्तर देत नसत.

"तर मी तिच्याशी पुन्हा बोललो नसतो," ते म्हणाले. "मला जमलंच नसतं ते."

"मग सांगितलंत कशाला?"

"मी बोललो नसतो," साहेब म्हणाले. "पण ती घरी तर राहिली असती."